बेहिशेबी पाणी, बेहिशेबी आमदारकी: 'नीतीमूल्य समिती' नळाच्या मीटरवरून समजून घेऊ

आमच्या आईला पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचा नाद आहे आणि वाचता वाचता काही अडलं की ती मोठ्यानं विचारते, समोर कोण आहे ते न बघता. जुलैतली गोष्ट. तिनं विचारलं, "नीतीमूल्य समिती म्हणजे काय रे? आता आमदारांचा मूल्यशिक्षणाचा तास घेणार काय?" मी तेव्हा पाण्याचं बिल घेऊन बसलो होतो. आमचं पाच माणसांचं घर, महिन्याला अठरा-एकोणीस युनिट येतात, ते एकदम एकतीसवर गेले होते, आणि मी मीटरच फास्ट आहे, सगळी लूट आहे, असं पुटपुटत होतो. आईला म्हटलं, नंतर सांगतो.

मग प्लंबर आला, बिलाचा घोळ सुटला, आणि गंमत अशी की त्याच घोळामुळे मला हे नीतीमूल्य प्रकरण डोक्यात शिरलं. म्हणून दोन्ही एकत्रच सांगतो. नागपूरकरांना हे जरा जवळचं वाटेल, कारण नळही आपला आणि डिसेंबरात अख्खं विधिमंडळही आपल्याच दारात.

बातमी काय होती ते आधी

१७ जुलै २०२५ ला मुंबईत पावसाळी अधिवेशन चालू असताना विधान भवनाच्या लॉबीत दोन आमदारांचे कार्यकर्ते भिडले. कॉलर धरणं, ढकलाढकली, सगळं मोबाइलवर आलं. त्याच्या आठ-दहा दिवस आधी मुंबईच्या आमदार निवासाच्या कँटीनमध्ये डाळ खराब आहे म्हणून एका आमदारानं कर्मचाऱ्याला मारल्याचा व्हिडिओ फिरला होता. आणि त्याच महिन्यात सभागृहात बसलेल्या कृषिमंत्र्यांच्या मोबाइलवर पत्त्यांचा गेम दिसला, ते म्हणाले मी खेळत नव्हतो, स्किप करत होतो. महिन्याच्या शेवटी त्यांचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं मिळालं. यावर मी काही बोलत नाही, तुम्हीच हसा.

लॉबीतल्या राड्यानंतर विधानसभा अध्यक्षांनी जाहीर केलं की नीतीमूल्य समिती, म्हणजे आमदारांच्या वागण्यावर लक्ष ठेवणारी समिती, नेमणार. त्यामुळे लोकांचा असा समज झाला की ही समिती म्हणजे शाळेतले पीटीचे सर, मारामारी केली की कान धरून उभं करणार.

माझं म्हणणं इथंच सुरू होतं. मारामारी म्हणजे रस्त्यावर फुटलेली पाइपलाइन. कारंजं उडतं, पोट्टे नाचतात, सगळ्या शहराला दिसतं आणि महापालिकेचा माणूस दुपारपर्यंत येतोच. पण शहराचं पाणी काही त्या एका कारंज्यात संपत नाही. ते जातं जमिनीखालच्या सांध्यांतून, गुपचूप, चोवीस तास. नीतीमूल्य समितीचं खरं काम त्या सांध्यांचं आहे.

बेहिशेबी पाणी म्हणजे काय

पाण्याच्या बिलातला एक युनिट म्हणजे एक हजार लिटर. पाणीपुरवठ्याच्या धंद्यात एक शब्द फार वापरतात, 'नॉन रेव्हेन्यू वॉटर', मी त्याला बेहिशेबी पाणी म्हणतो. पेंचहून पाणी आणलं, गोरेवाड्याला शुद्ध केलं, टाक्यांत चढवलं, आणि शेवटी ज्याचं बिलच कुणाला लागलं नाही ते सगळं बेहिशेबी. यात गळती आली, चोरून घेतलेली कनेक्शनं आली, बंद पडलेले मीटर आले, लायनीला थेट टिल्लू पंप लावून शेजाऱ्याच्या वाटचं ओढणारे महाभागही आले. लक्षात घ्या, यातलं सगळंच पाणी 'चोरी' नाही. काही नुसतंच मोजलेलं नाही. आणि जे मोजलेलं नाही ते चोरीला गेलं का जमिनीत मुरलं, हे कोणीच सांगू शकत नाही, त्यामुळे भांडण फक्त संशयावर चालतं. मी जसा मीटरवर संशय घेत होतो तसं.

आमच्या घरातलं पाणी कुठं जात होतं

प्लंबरभाऊनं पहिल्यांदा मीटरकडे बघितलंच नाही. तो म्हणाला, "भाऊ, मीटर बरोबर हाय. रात्री टाकीत येणारा वॉल्व्ह बंद करा, काठीनं पाणी मोजा, सकाळी उठून परत मोजा." तसं केलं. रात्री अकराला मोजलं, पहाटे पाचला मोजलं, मधे कोणी नळ उघडला नाही, तरी पाणी सात सेंटिमीटर उतरलेलं. आपल्या हजार लिटरच्या काळ्या टाकीत एक सेंटिमीटर म्हणजे साधारण नऊ लिटर धरा, म्हणजे सहा तासांत साठ-बासष्ट लिटर, दिवसाला अडीचशे, महिन्याला साडेसात हजार. साडेसात युनिट आम्ही झोपेत वापरत होतो!

सापडलं कुठं? संडासाच्या फ्लशमध्ये. टाकीच्या तळाचं रबर झिजलेलं, पाणी भांड्याच्या मागच्या भिंतीवरून इतकं पातळ वाहत होतं की डोळ्याला दिसत नव्हतं. तुम्हाला घरी तपासायचं असेल तर सोपं आहे, फ्लशच्या टाकीत चमचाभर खायचा रंग टाका, पंधरा-वीस मिनिटं कोणी फ्लश करू नका, आणि खाली भांड्यात रंग दिसला की समजा गळतंय. प्लंबर म्हणाला, "तुमचा संडास पाणी पिऊन राह्यला, आन् तुम्ही मीटरले शिव्या देऊन राह्यले." रबर बदलायला पाच मिनिटं लागली.

उरलेले चार-साडेचार युनिट कुठले? तर कूलरचे. हे बाहेरच्या लोकांना कळत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि हवा अशी कोरडी की टॉवेल वाळत घालून वळेपर्यंत कडक, त्यामुळे कूलर झकास चालतो, आणि तो थंड करतो ते पाणी उडवूनच. दोन मोठे कूलर दिवसरात्र चालले की दीडेकशे लिटर सहज पितात. ते पाणी वाया गेलं असं मी म्हणणार नाही, उन्हाळ्यात झोप लागली पाहिजे. पण कूलर भर उन्हात खिडकीबाहेर ठेवण्याऐवजी वर ताडपत्री किंवा हिरवी जाळी लावली तर पाणी कमी लागतं, आणि पहाटे पंप बंद करून नुसता पंखा चालतो, हे आईनं शोधून काढलेलं आहे. आमच्या एका कूलरचा फ्लोट अडकलेला होता, पाणी भरलं तरी नळ बंद व्हायचा नाही, गच्चीवरून मागच्या गल्लीत धार. तिथं कोणाच्या तरी अळूची पानं सुपाएवढी झाली होती.

तोटी टपकते ना, तेही एकदा मोजून बघा. मी रात्रभर मोरीतल्या नळाखाली गंज (पातेलं) ठेवला, आठ तासांत चार लिटर. दिवसाला बारा, वर्षाला चार हजारांच्या वर. चार युनिट, म्हणजे पैशात काहीच नाही. म्हणूनच तर ते वर्षभर टपकतं! ज्याची किंमत लागत नाही ते कोणी दुरुस्त करत नाही.

आरओचं सांगायलाच नको, एक लिटर प्यायला दिलं की दोन-तीन लिटर मागच्या नळीनं फेकतं. ती नळी आम्ही बादलीत सोडली, फरशी पुसायला आणि गच्ची धुवायला ते पाणी पुरतं. झाडांना रोज घालू नका, क्षार जमतात. आणि खरं तर ज्याच्या घरी नदीचं, पेंच-कन्हानचं पाणी येतं त्यानं आरओ हवाच आहे का हे आधी पाण्यातले क्षार तपासून ठरवावं. राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्ये म्हटलेलंच आहे की लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या खाली विरघळलेले क्षार असतील तिथं आरओवर बंदी आणावी.

बरं, मीटरनं काय केलं? मीटरनं एक थेंबही वाचवला नाही. त्यानं फक्त आकडा दाखवला, आकड्यामुळे मी चिडलो, चिडलो म्हणून प्लंबर आला. हा क्रम लक्षात ठेवा, पुढं कामाला येतो.

आता मोठ्या टाकीकडे: हक्क वेगळा, नीती वेगळी

विधिमंडळाच्या बातम्यांत 'हक्कभंग' शब्द सारखा येतो. आमदारांना सभागृहात बोलण्याबद्दल, मत देण्याबद्दल कोर्टात खेचता येत नाही, हे संरक्षण राज्यघटनेच्या कलम १९४ मध्ये आहे. का आहे? तर उद्या एखाद्या आमदारानं मोठ्या माणसाविरुद्ध सभागृहात बोललं आणि त्यानं दुसऱ्या दिवशी खटला टाकला तर कोणी बोलणारच नाही. हे संरक्षण चांगलं आहे. त्या संरक्षणाला धक्का लागला की हक्कभंग. म्हणजे बाहेरच्यानं आमदाराच्या कामात अडथळा आणला तर हक्कभंगाची समिती.

नीतीमूल्य समिती याच्या उलट दिशेनं बघते. आमदारच त्या संरक्षणाचा गैरफायदा घेत असेल तर? हक्कभंग म्हणजे घराला कुंपण, आणि नीतीमूल्य म्हणजे कुंपणाच्या आत काय चाललंय ते. कुंपण सगळ्यांनी फार उंच बांधलं, आत बघायची खिडकी ठेवायचीच राहून गेली.

एक मोठा फरक मात्र आता पडलाय. १९९८ मध्ये सुप्रीम कोर्टानं एका निकालात म्हटलं होतं की लाच घेऊन त्याप्रमाणे सभागृहात मत दिलं तर त्या खासदाराला संरक्षण आहे. खरंच म्हटलं होतं, वाचून माझाही विश्वास बसला नव्हता. ४ मार्च २०२४ ला सात न्यायाधीशांनी एकमतानं तो निकाल उलटवला. आता मतासाठी किंवा भाषणासाठी पैसे घेतले तर कलम १९४ मागे लपता येत नाही. लाच घेतली तिथंच गुन्हा पूर्ण झाला, मग मत कुठंही देवो.

सांधे कुठं गळतात

लाच म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर नोटांची बॅग येते. पण आमदाराच्या हातातली हत्यारं फार साधी असतात: तारांकित प्रश्न (ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावं लागतं), लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना), कायद्यातली दुरुस्ती, समितीतली जागा. प्रत्येकाला एक सांधा समजा.

याची देशातली पहिली मोठी केस आपल्या मुंबईशीच जोडलेली आहे. १९५१ मध्ये, पहिली सार्वत्रिक निवडणूकसुद्धा झाली नव्हती, हंगामी संसद होती, तेव्हा एच. जी. मुदगल नावाच्या सदस्यांनी मुंबईच्या सोन्याचांदीच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन त्यांच्या सोयीचे प्रश्न मांडल्याचं चौकशीत निघालं. नेहरूंनी स्वतः त्यांना काढायचा ठराव आणला, मुदगलांनी त्यावर मत पडायच्या आधी राजीनामा दिला, तरी सभागृहानं नोंद केलीच की हे काढण्याच्याच लायकीचं होतं. मग २००५. एका वाहिनीनं छुपा कॅमेरा लावला, प्रश्न विचारायला पैसे घेणारे खासदार १२ डिसेंबरला टीव्हीवर दिसले आणि २३ डिसेंबरला अकरा जणांची खासदारकी गेली, लोकसभेचे दहा आणि राज्यसभेचा एक. त्यात महाराष्ट्रातले दोघं होते. अकरा दिवसांत निकाल! ठरवलं तर होतं.

आणि प्रश्न विचारायचेच पैसे असतात असं नाही. मे २०२५ मध्ये राजस्थानात एका आमदाराला लाचलुचपतवाल्यांनी धरलं, आरोप असा की खाणींबद्दल विधानसभेत टाकलेले प्रश्न मागे घ्यायला त्यानं वीस लाख घेतले. आरोप आहे, खरं-खोटं कोर्टात ठरेल. पण गळतीचा नमुना बघा. मागे घेतलेला प्रश्न कोणाला दिसतच नाही, फ्लशच्या मागच्या धारेसारखा.

या सगळ्यापेक्षा बारीक गळती म्हणजे हितसंबंध. सोपं उदाहरण देतो, उदाहरणच आहे, कोणी अंगावर घेऊ नका. समजा एका आमदाराच्या भाच्याचे पाण्याचे टँकर आहेत. शहराच्या कडेला, जिथं पाइप अजून पोचला नाही तिथं, उन्हाळाभर ते धावतात. आता सभागृहात त्या भागाच्या पाइपलाइनवर चर्चा आहे आणि मामासाहेब उठून भाषण करतात की घाई नको, आधी सर्वेक्षण करा. यात लाच कुठंय? कुठंच नाही. कदाचित सर्वेक्षण खरंच गरजेचं असेल. पण ऐकणाऱ्याला भाच्याचे टँकर माहीत असायला हवेत की नाही? तेवढंच नीतीमूल्यात मागतात: बोला, पण आधी सांगून बोला.

राज्यसभेत हे आहे. तिथं १९९७ मध्ये देशातली पहिली नीतीमूल्य समिती बसली, आणि सदस्यांच्या हितसंबंधांचं एक रजिस्टर असतं, कुठल्या कंपनीत पगारी संचालक आहात, कुठं पैसे घेऊन सल्ला देता, कुठं शेअरचा मोठा हिस्सा आहे, हे लिहून द्यायचं. चर्चेच्या विषयात स्वतःचा पैशाचा संबंध असला तर उठून तसं सांगायचा नियम आहे. हेच मीटर! आपण निवडणुकीच्या वेळी उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र बघतो, तेही चांगलं, पण ते पाच वर्षांतून एकदा. पाच वर्षांतून एकदा रीडिंग घेतलं तर मधे किती वाहून गेलं ते कोणाला कळणार?

माझ्या नळाचा आणि विधिमंडळाचा संबंध काय?

हा प्रश्न आमच्या शेजारच्या काकांनी विचारला, "काऊन बा, तुझा फ्लश काय विधानसभेनं बिघडवला?" नाही. पण नळात पाणी कोणाच्या वाट्याचं किती, हे तिथंच ठरतं.

महाराष्ट्रानं २००५ मध्ये कायदा करून जलसंपत्ती नियमन प्राधिकरण नेमलं. कल्पना अशी की धरणातलं पाणी पिण्याला किती, शेतीला किती, उद्योगाला किती, हे नियमानं, सुनावण्या घेऊन ठरावं. २०११ मध्ये विधिमंडळानं त्यात दुरुस्ती केली आणि हे वाटप ठरवायचा अधिकार सरकारकडे, मंत्रिमंडळाकडे गेला. तेव्हा विदर्भात वीज प्रकल्पांना धरणाचं पाणी द्यायच्या विरोधात आंदोलनं चालू होती. दुरुस्ती बरोबर की चूक यावर दोन्हीकडून बोलता येईल, निवडून आलेल्यांनीच ठरवावं असंही म्हणता येतं. पण मग ठरवणाऱ्यांचे हितसंबंध उघड पाहिजेत ना, कारण सुनावणीची खिडकी तुम्हीच बंद केली.

गोसीखुर्द धरण तर आपल्या डोळ्यासमोर आहे. १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हातून भूमिपूजन झालं तेव्हा खर्च ३७२ कोटी धरला होता, तो पुढं अठरा हजार कोटींच्या वर गेला. आणि नाग नदीतून आपलं सांडपाणी कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला, वैनगंगेतून त्याच गोसीखुर्दात जातं. म्हणजे पैसा वरून आणि घाण आपल्याकडून, दोन्ही एकाच धरणात. (भांडेवाडीला सांडपाणी शुद्ध करून ते कोराडीच्या वीज केंद्राला देतात, ही मात्र नागपूरची खरंच चांगली गोष्ट आहे, आपण ती फारशी सांगत नाही.)

आणखी एक आठवण. ६ जुलै २०१८, त्या वर्षी पावसाळी अधिवेशन नागपुरात घेतलं होतं. एका पावसात विधान भवनाच्या आवारात पाणी साचलं, वीज यंत्रणेच्या खोलीत शिरलं, लाइट बंद करावी लागली आणि त्या दिवसाचं कामकाज तिथंच संपलं. बरोबर एक वर्षानं, जुलै २०१९ मध्ये, पेंचवरचं तोतलाडोह धरण तळाला गेलं, पाऊस लांबला, वर मध्य प्रदेशात चौराईचं धरण झाल्यानं येणारं पाणीही कमी झालेलं, आणि शहराला एक दिवसाआड पाणी. एका जुलैत आमदारांच्या पायाखाली पाणी, दुसऱ्या जुलैत आपल्या नळाला नाही. आपल्याकडे वर्षाला साधारण हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो, हजार स्क्वेअर फुटांच्या गच्चीवर त्यातलं ऐंशी टक्के धरलं तरी पंचाहत्तर-ऐंशी हजार लिटर, आमच्या घराचं चार महिन्यांचं पाणी. ते आपण पाइपानं गटारात सोडतो आणि मग सप्टेंबर २०२३ सारखी एखादी रात्र येते, अंबाझरी तलाव ओसंडतो आणि नाग नदी घरात. एका गच्चीनं पूर थांबत नाही, मान्य. पण गच्चीचा पाइप जाळी-वाळूच्या गाळणीतून विहिरीत किंवा बोअरच्या शेजारच्या शोषखड्ड्यात सोडायला फार खर्चही येत नाही. पहिल्या दोन पावसांचं पाणी मात्र सोडून द्या, त्यात वर्षभराची धूळ आणि कबुतरं असतात.

पण प्लंबर घरचाच असला तर?

ही हरकत सगळ्यात वजनदार आहे. नीतीमूल्य समितीत कोण बसणार? आमदारच. म्हणजे ज्याचा पाइप गळतोय त्याचाच भाऊ प्लंबर.

पक्षांतराचं आपण बघितलंच. १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा आहे, निकाल अध्यक्षांनी द्यायचा, आणि अध्यक्ष कुठल्या तरी पक्षातूनच आलेले असतात. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, अपात्रतेचे अर्ज आले, सुप्रीम कोर्टानं मे २०२३ मध्ये सांगितलं वाजवी वेळेत निकाल द्या, पुढं तारीखच ठरवून दिली, तेव्हा १० जानेवारी २०२४ ला निकाल लागला. दीड वर्ष. त्यात दोन्हीकडचं कोणीच अपात्र ठरलं नाही. तो निकाल बरोबर का चूक ते बाजूला ठेवा, मला वेळाचं वाटतं. दीड वर्ष तोटी उघडी असेल तर नंतर वॉशर कुठला होता यावर वाद घालून काय उपयोग. सुप्रीम कोर्टानंच जानेवारी २०२० मध्ये मणिपूरच्या केसमध्ये सुचवलं होतं की असे अर्ज तीन महिन्यांत निकाली काढावेत आणि संसदेनं हे काम अध्यक्षांकडून काढून स्वतंत्र लवादाला द्यायचा विचार करावा.

उलट्या बाजूनंही धोका आहे. जुलै २०२१ मध्ये विधानसभेनं तेव्हा विरोधात असलेल्या भाजपचे बारा आमदार गैरवर्तनासाठी वर्षभर निलंबित केले, ते कोर्टात गेले, जानेवारी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते रद्द केलं, कारण एका अधिवेशनापलीकडे निलंबन म्हणजे त्या मतदारसंघाला वर्षभर बिनआमदाराचं ठेवणं. म्हणजे शिस्तीचा पाना विरोधकांच्याच नळावर फिरवता येतो. उद्या नीतीमूल्य समितीत सत्ताधाऱ्यांचं बहुमत असलं तर तोच पाना.

म्हणून मला समितीपेक्षा रजिस्टर जास्त महत्त्वाचं वाटतं. समिती शिक्षा करेल न करेल, पण लिहिलेलं उघड असलं की पेपरवाले वाचतील, विरोधक वाचतील, माझ्या आईसारखे लोक वाचतील. मीटर कोणाच्या मालकीचं आहे यापेक्षा काच स्वच्छ आहे का ते बघा.

"भाच्याच्या नावावर करतील ना!"

करतील. मीटरलाही लोक फसवतातच. पण न सांगणं आणि खोटं सांगणं यात फरक आहे. आज भाच्याच्या टँकरबद्दल कोणी विचारलं नाही म्हणून कोणी सांगितलं नाही, यात कोणाला पकडणार? उद्या रजिस्टरमध्ये 'जवळच्या नातेवाइकांचे व्यवसाय: काही नाही' असं सहीनिशी लिहिलं आणि टँकर निघाले, तर कागद हातात आहे. लिहायला लावल्यानं माणूस प्रामाणिक होतो असं नाही, खोटं बोलणं महाग होतं.

"शेतीलाच ऐंशी टक्के पाणी जातं, मी फ्लश बदलून काय?"

देशाच्या हिशेबात ते बरोबर आहे, शेतीचा वाटा ऐंशीच्या आसपासच आहे. पण शहरातलं पाणी उपसून, शुद्ध करून, चढवून आणलेलं असतं. माणशी दिवसाला १३५ लिटर हे शहराचं ठरलेलं माप आहे. आमच्या गळणाऱ्या फ्लशमधून रोज दोन माणसांचं जवळजवळ सगळं पाणी जात होतं, आणि तेव्हाच शहराच्या टोकाच्या वस्त्यांत लोक ड्रम लावून टँकरची वाट बघत होते. मी फ्लश बदलल्यानं त्यांच्या ड्रममध्ये पाणी पडलं असा दावा नाही. पण पाण्यावर आमदाराला प्रश्न विचारायला गेलो तर आता माझ्या घरचा आकडा माझ्याकडे आहे, "आधी तुमचं बघा" म्हणायची सोय त्याला राहिलेली नाही.

"निवडणुकीत बघून घेऊ की"

मतदार सगळं बघतो हे खरं, पण त्याला जे दाखवलं तेवढंच. शिवाय मत देताना रस्ता, जात, पक्ष, लाडकी योजना, उमेदवाराच्या बायकोचा स्वभाव, सगळं एकाच बटणात असतं. त्या बटणातून टँकरचा हिशेब वेगळा कसा काढणार?

अधिवेशनात मी काय केलं

१९५३ च्या नागपूर करारामुळे दरवर्षी एक अधिवेशन इथं होतं. आपण त्याचा उपयोग मुख्यतः ट्रॅफिकला शिव्या द्यायला करतो. सिव्हिल लाइन्सचे दुभाजक रंगतात, वर्षभराचे खड्डे दोन रात्रीत बुजतात, यशवंत स्टेडियमपासून मोर्चे निघतात. मी या वेळी एक कागद घेऊन एका आमदाराच्या माणसाला भेटायला गेलो. कागदावर तीनच प्रश्न होते. साहेबांचे किंवा घरच्यांचे पाण्याशी संबंधित काही व्यवसाय आहेत का, टँकर, बोअर, बाटलीबंद पाणी, पाइपाची कंत्राटं? या अधिवेशनात पाण्यावर त्यांनी किती प्रश्न टाकले आणि किती मागे घेतले? आणि हितसंबंधांचं रजिस्टर सुरू झालं तर ते पहिल्या आठवड्यात भरतील का?

पीए भला माणूस होता, चहा दिला. त्यानं कागद दोनदा वाचला, मागून-पुढून बघितला, आणि विचारलं, "पण तुमचं काम काय हाय?"

"हेच काम आहे," म्हटलं.

"म्हंजे बदली-बिदली, प्लॉट-बिट काही नाही?"

"नाही."

तो जरा गोंधळला. मग म्हणाला, साहेबाले विचारून सांगतो, नंबर देऊन जा. मी नंबर दिला. आईला येऊन सांगितलं तर तिनं पेपरमधून मान वर न करता विचारलं, "आणि तो गच्चीवरच्या कूलरचा फ्लोट बदलला का?" तो राहिला होता.